क्वांटम कॉम्प्युटिंग कंपनीत रिसर्चरची नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मराठी मुलामुलींचे, त्यांच्या आईबाबांचे आणि आयटीत दहा-बारा वर्षं काढलेल्या लोकांचे मेसेज येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. मी अमेरिकेत सुपरकंडक्टिंग क्युबिटवर (क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट, आणि सुपरकंडक्टिंग म्हणजे फार थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या धातूचा) काम करणाऱ्या एका टीममध्ये आहे, म्हणजे हार्डवेअरच्या बाजूला, त्यामुळे उत्तरांचा कल तिकडे जाणार हे धरूनच वाचा. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. ताई, कंपनीतला क्वांटम रिसर्चर दिवसभर नक्की करतो काय? फळ्यावर समीकरणं लिहितो का?

थोडी लिहितो, पण हार्डवेअर टीममध्ये दिवसाचा बराच वेळ "हे असं का येतंय" हे शोधण्यात जातो. आमचा क्युबिट म्हणजे सिलिकॉन किंवा सफायरच्या तुकड्यावर बनवलेलं धातूचं सर्किट, आणि त्यात जोसेफसन जंक्शन, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साईडचा पापुद्रा. हे सगळं चालायला १० ते २० मिलिकेल्विन तापमान लागतं. दूर अंतराळातसुद्धा साधारण २.७ केल्विन असतं, म्हणजे आपण त्याच्याही शंभरपट खाली. त्यासाठी डायल्यूशन फ्रीज असतो, ज्यात हीलियम-३ आणि हीलियम-४ चं मिश्रण फिरत राहतं आणि पंपाची चुक-चुक दिवसभर चालू असते. चिप आत बसवून फ्रीज बंद केला की थंड व्हायला दोन-तीन दिवस जातात, आणि त्यात एक कनेक्टर सैल राहिला तर परत गरम करा, उघडा, घट्ट करा, परत थंड करा, आठवडा गेला. म्हणून बंद करायच्या आधी दोघांनी मिळून एकेक लाइन तपासायची, कितीही कंटाळा आला तरी.

थंड झाल्यावर कॅलिब्रेशन. प्रत्येक क्युबिटची फ्रिक्वेन्सी शोधायची, साधारण ४ ते ६ गिगाहर्ट्झच्या मध्ये कुठेतरी असते, मग पल्सची उंची आणि लांबी ठरवायची, रीडआऊट, म्हणजे क्युबिट वाचायची पद्धत, बसवायचं, शेजारच्या क्युबिटबरोबर गेट, म्हणजे दोघांमधलं ऑपरेशन, लावायचा. तंबोरा जुळवण्यासारखं काम आहे, आणि गाणं चालू असतानाच तारा उतरतात, कारण मटेरियलमधले बारीक दोष, आम्ही त्यांना टीएलएस म्हणतो, आपली जागा बदलत राहतात आणि काल १०० मायक्रोसेकंद टिकणारा क्युबिट आज ३० वर येऊन बसतो. मग ते शोधायचं, पायथनमध्ये डेटा उघडायचा, प्लॉट काढायचे, फॅबवाल्यांशी, म्हणजे चिप बनवणाऱ्यांशी, बोलायचं की ह्या बॅचमध्ये साफसफाईची एखादी स्टेप बदलली होती का.

हे माझ्या बाजूचं झालं. त्याच कंपनीत एरर करेक्शनचे कोड डिझाइन करणारे, डीकोडर लिहिणारे, कंपायलर लिहिणारे, मायक्रोवेव्ह इलेक्ट्रॉनिक्स बनवणारे, केमिस्ट्रीचे अल्गोरिदम बघणारे असे सगळे असतात आणि बऱ्याच जणांच्या पदात "रिसर्च" हा शब्द असतो, त्यामुळे जाहिरात वाचताना पदापेक्षा खालचं कामाचं वर्णन नीट वाचा.

२. क्वांटम कॉम्प्युटर म्हणजे आपल्या कॉम्प्युटरचीच सुपरफास्ट आवृत्ती ना?

नाही. एकेक ऑपरेशन बघितलं तर तुमचा लॅपटॉप कितीतरी जास्त वेगवान आहे. काही ठराविक प्रश्नांसाठी क्वांटममध्ये वेगळी वाट सापडते, जिच्यात पायऱ्याच खूप कमी लागतात. पीटर शोर ह्यांनी १९९४ मध्ये मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यासाठी अशी वाट दाखवली, आणि आयआयटी दिल्लीतून शिकलेल्या लव ग्रोव्हर ह्यांनी १९९६ मध्ये शोधण्याच्या प्रश्नासाठी. दोघंही तेव्हा बेल लॅब्जमध्ये होते, म्हणजे एका टेलिफोन कंपनीच्या रिसर्च लॅबमध्ये. इंडस्ट्रीत "खरा" रिसर्च होत नाही असं कुणी म्हटलं की मला हेच आठवतं. रेणू आणि मटेरियल ह्यांचं सिम्युलेशन हा तिसरा मोठा विषय. एक्सेल शीट फास्ट उघडण्यासाठी किंवा गेम खेळण्यासाठी ह्याचा काही उपयोग नाही.

३. पीएचडी लागतेच का?

"रिसर्च सायंटिस्ट" असं पद हवं असेल तर बहुतेक ठिकाणी हो, आणि हे स्पष्ट सांगते कारण पाच-सहा वर्षांचा प्रश्न आहे, गोड बोलून कुणाचं भलं होणार नाही. पीएचडीत तुम्हाला डिग्रीपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट मिळते, ती म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच माहीत नाही त्याच्याबरोबर महिनोन्महिने राहायची सवय, आणि कंपनी पगार त्याचाच देते.

पण कंपनी फक्त सायंटिस्टवर चालत नाही. क्लीनरूमचा प्रोसेस इंजिनिअर, क्रायोजेनिक इंजिनिअर, एफपीजीए (हवी तशी प्रोग्रॅम करता येणारी चिप) आणि आरएफ (रेडिओ-मायक्रोवेव्ह) इंजिनिअर, सॉफ्टवेअर इंजिनिअर, टेस्ट इंजिनिअर ह्या सगळ्या जागांवर बी.टेक. किंवा एम.टेक.वाले लोक आहेत आणि पेपरवर त्यांची नावंही येतात. माझ्या मते पुढच्या काही वर्षांत ह्याच जागा जास्त वाढतील, कारण १०० क्युबिटवरून १०,००० कडे जायचं तर केबल, इलेक्ट्रॉनिक्स, कूलिंग हेच सगळ्यात मोठे अडथळे आहेत. ब्रँच कोणती चालते ते पुढच्या प्रश्नात.

४. माझं फिजिक्स नाहीये. ईएनटीसी / कॉम्प्युटर / मेकॅनिकल / केमिकल आहे. चालेल का?

ईएनटीसीवाल्यांनी हा प्रश्न विचारला की मला खरंच वाईट वाटतं, कारण सुपरकंडक्टिंग क्युबिटच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त गरज मायक्रोवेव्ह येणाऱ्या माणसाची असते. एस-पॅरामीटर, इम्पीडन्स मॅचिंग, मिक्सर, नॉइज फिगर हे कॉलेजात पाठ करून सोडून दिलेलं सगळं इथे रोज लागतं. डीएसपी आणि एफपीजीए पण तसंच.

कॉम्प्युटरवाल्यांना कंपायलर, डीकोडर आणि कंट्रोल सॉफ्टवेअर. डीकोडर म्हणजे एरर करेक्शनमध्ये चिपकडून येणाऱ्या मोजमापांवरून चूक कुठे झाली हे ओळखणारा प्रोग्राम, आणि सुपरकंडक्टिंग चिपवर दर एक मायक्रोसेकंदाच्या आसपास नवीन डेटा येतो, त्याच्या मागे पडून चालत नाही, म्हणजे ग्राफ अल्गोरिदम आणि लो-लेटन्सी प्रोग्रामिंग दोन्हीचा कस लागतो. मेकॅनिकलवाल्यांना क्रायोजेनिक्स, व्हायब्रेशन, व्हॅक्यूम. केमिकल आणि मटेरियलवाल्यांना फॅब.

क्वांटम मेकॅनिक्स मात्र सगळ्यांनाच थोडंफार शिकावं लागतं, टाळता येत नाही.

५. मग सुरुवात कुठून करू? आधी काय शिकू?

लिनिअर अल्जिब्रा. मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू, टेन्सर प्रॉडक्ट हे हातात बसलं नाही तर पुढचं सगळं जादूसारखं वाटतं आणि जादू वाटत असताना दुरुस्ती करता येत नाही. मग प्रोबॅबिलिटी, मग दोन-पातळ्यांच्या सिस्टिमचं क्वांटम मेकॅनिक्स, आणि बरोबरीनं पायथन. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची चांगली लेक्चर्स फुकट आहेत. आयबीएमनं २०१६ मध्ये ५ क्युबिटची मशीन क्लाउडवर सगळ्यांसाठी उघडली, तेव्हापासून घरबसल्या खऱ्या हार्डवेअरवर सर्किट चालवता येतं, आणि क्विस्किट, सर्क, पेनीलेन ही सगळी सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहेत. एरर करेक्शन आवडत असेल तर स्टिम नावाचं सिम्युलेटर डाउनलोड करा, लॅपटॉपवर सरफेस कोड (एरर करेक्शनची एक गाजलेली पद्धत) चालवून एरर रेटचा आलेख स्वतः काढा. इंटरव्ह्यूमध्ये असा एक स्वतः काढलेला आणि नीट समजलेला आलेख खूप बोलतो.

६. लाखभर रुपये भरून सहा महिन्यांचा क्वांटम सर्टिफिकेट कोर्स करू का? प्लेसमेंटची गॅरंटी देतायत.

नको. हायर करणारी टीम सर्टिफिकेट बघत नाही, आणि सहा महिन्यांत रिसर्चर होता येत नाही, कुठल्याच विषयात. शिकायचं सगळं साहित्य फुकट आहे (प्रश्न ५). पैसे असतीलच तर एखाद्या समर प्रोजेक्टसाठी दुसऱ्या शहरात राहायचा खर्च करा. टीआयएफआरचा विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी रिसर्च प्रोग्रॅम, व्हीएसआरपी, असतो, आयआयटी, आयसर, आयआयएससीचे इंटर्नशिप प्रोग्रॅम असतात. लॅबमध्ये दोन महिने काढलेत की हे काम आपल्याला आवडतं की नाही हे तरी कळतं.

ह्याच्या उलट नियमित डिग्रीतले पर्याय चांगले आहेत. आयआयएससीचा क्वांटम टेक्नॉलॉजीचा एम.टेक. आहे, आणि एआयसीटीईनं बी.टेक.साठी क्वांटमचा मायनर आणलाय, तुमच्या कॉलेजात तो सुरू असेल आणि शिकवणारं माणूस बरं असेल तर जरूर घ्या.

७. सुपरकंडक्टिंग, आयन ट्रॅप, न्यूट्रल ॲटम, फोटॉन… ह्यातलं जिंकणार कोण? मी चुकीच्या घोड्यावर पैसे लावायला नको.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आजची परिस्थिती अशी की गूगल, आयबीएम, रिगेटी सुपरकंडक्टिंगवर आहेत, क्वांटिन्युअम आणि आयनक्यू आयनवर, क्युएरा आणि पास्कल न्यूट्रल ॲटमवर, सायक्वांटम आणि झॅनाडू फोटॉनवर, मायक्रोसॉफ्ट टोपोलॉजिकलवर. सुपरकंडक्टिंगचे गेट वेगवान, दहा-वीस ते शंभर नॅनोसेकंदांत होतात, पण प्रत्येक क्युबिट माणसानं बनवलेला म्हणून थोडा वेगळा निघतो आणि शेजाऱ्याशीच बोलतो. आयन सगळे निसर्गतः एकसारखे, त्यांचे गेट फार अचूक, आणि ते हलवून कुणालाही कुणाच्या शेजारी आणता येतं, पण वेग कितीतरी कमी. न्यूट्रल ॲटम लेझरच्या चिमट्यांत शेकड्यांनी, हजारांनी धरता येतात, तिथे गेट आणि मोजमाप सुधारायचं काम चालू आहे.

कोण जिंकेल हे आज छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, त्यात कंपन्यांचे सीईओही आले. तुमच्या करिअरसाठी प्रश्न वेगळा विचारा: ह्या प्लॅटफॉर्मवर काम करताना मी जे शिकेन ते दुसरीकडे चालेल का? मायक्रोवेव्ह, लेझर आणि ऑप्टिक्स, नॅनोफॅब, एरर करेक्शनचं गणित, कंट्रोल सॉफ्टवेअर हे कुठेही चालतं. एकाच कंपनीचं अंतर्गत टूल चालवता येणं कुठेच चालत नाही. आणि गाइड किंवा टीम लीड चांगला असेल तर प्लॅटफॉर्म दुय्यम आहे, हे मी अगदी खात्रीनं सांगते.

८. युनिव्हर्सिटी आणि कंपनी, ह्यात रोजच्या कामात फरक काय पडतो?

टीमचा आकार. पीएचडीत चिपचं डिझाइन, फॅब, फ्रीज, मोजमाप, पेपर सगळं तुम्ही किंवा तुम्ही आणि अजून एकजण करता. कंपनीत एका चिपमागे वीस-तीस ते शंभर माणसं असतात. गूगलच्या २०१९ च्या सायकॅमोर चिपच्या पेपरवरची नावांची यादी बघा, म्हणजे अंदाज येईल. ह्याचा फायदा म्हणजे एकट्यानं आयुष्यात जमणार नाही अशी गोष्ट तुमच्या हातून होते, आणि तोटा म्हणजे "हे माझं" असं बोट ठेवून दाखवणं अवघड जातं. काही लोकांना हे फार लागतं, जॉइन व्हायच्या आधी स्वतःला विचारा.

दुसरं म्हणजे दिशा. कंपनीचा रोडमॅप असतो, तिमाहीचे टार्गेट असतात, आणि डेटात काहीतरी विलक्षण दिसलं तरी "छान आहे, पण ह्या वर्षी नाही" असं ऐकावं लागतं. दोन-तीन चांगल्या ठिकाणी अशा गोष्टींसाठी थोडा मोकळा वेळ देतात, पण तो मागावा लागतो.

तिसरं, ग्रँट लिहायला लागत नाही आणि शिकवायला लागत नाही. मला शिकवणं आवडायचं, त्यामुळे ते जाणवतं.

९. कंपनीत पेपर पब्लिश करू देतात का? पेटंट कुणाच्या नावावर?

बहुतेक क्वांटम कंपन्या पब्लिश करतात, कारण त्याशिवाय चांगली माणसं येत नाहीत आणि आले तरी टिकत नाहीत. पण आधी अंतर्गत रिव्ह्यू होतो, कायदा विभाग बघतो, पेटंटसारखं काही असेल तर अर्ज आधी जातो, कारण युरोपात गोष्ट जाहीर झाली की पेटंट मिळत नाही. त्यामुळे अर्काइव्हवर (पेपर सगळ्यांसाठी फुकट ठेवायची वेबसाइट) यायला युनिव्हर्सिटीपेक्षा काही आठवडे, कधी महिने जास्त लागतात. फॅबची नेमकी रेसिपी, काही कॅलिब्रेशनची कामं बाहेर जातच नाहीत.

पेटंटवर शोधक म्हणून नाव तुमचं, मालकी कंपनीची. ऑफर लेटरबरोबर सही करायला जो कागद देतात त्यात हे असतं, आणि त्यातच नोकरीत येण्याआधीचे तुमचे शोध लिहायची जागा असते. ती जागा रिकामी सोडू नका, पीएचडीतलं काही अर्धवट काम असेल तर तिथे नोंदवा. स्टार्टअपमध्ये जाताय तर ऑफर घ्यायच्या आधी सरळ विचारा की गेल्या वर्षी कोणते पेपर बाहेर आले, आणि ते पेपर जाऊन वाचा.

१०. भारतात, त्यातही महाराष्ट्रात राहून हे काम करता येईल का?

दहा वर्षांपूर्वी ह्याचं उत्तर जवळजवळ नाही असं होतं, आता तसं नाही. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, २०३०-३१ पर्यंत ६,००३.६५ कोटी रुपये, आणि ५० ते १,००० क्युबिटपर्यंतच्या मशीन हे एक उद्दिष्ट. चार हब आहेत: कॉम्प्युटिंग आयआयएससी बंगळुरूकडे, कम्युनिकेशन आयआयटी मद्रासकडे, सेन्सिंग आयआयटी मुंबईकडे, मटेरियल आणि डिव्हाइस आयआयटी दिल्लीकडे.

आपल्याकडचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे ६ क्युबिटचा सुपरकंडक्टिंग प्रोसेसर, ज्याची चाचणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली. क्युबिट डिझाइन करून बनवले कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, कंट्रोल आणि मोजमापाची यंत्रणा जुळवली पुण्याच्या डीआरडीओच्या यंग सायंटिस्ट लॅबनं, आणि क्लाउडवरून वापरायचा इंटरफेस केला टीसीएसनं. ६ हा आकडा लहान वाटेल, पण डिझाइनपासून क्लाउडपर्यंतची अख्खी साखळी इथल्या माणसांनी हातानं केलीये आणि ती माणसं पुढच्या टीम उभ्या करतील. पुण्यात आयसरमध्ये क्वांटम टेक्नॉलॉजीचं आय-हब आहे, सीडॅक आहे.

खाजगीत बंगळुरू पुढे आहे. क्यूपीएआय (QpiAI) कंपनीनं २०२५ मध्ये २५ क्युबिटची मशीन जाहीर केली, क्यूएनयू लॅब्ज क्वांटम सुरक्षेत आहे, आयबीएमची रिसर्च लॅब आहे. खरं हार्डवेअर रिसर्च करणाऱ्या खाजगी जागा अजून मोजक्याच आहेत, आणि "क्वांटम कन्सल्टंट" नावाच्या जागा जास्त, ज्यात काम प्रेझेंटेशनचं असतं. तो फरक इंटरव्ह्यूमध्येच विचारून घ्या.

११. अमेरिकेत यायचं तर व्हिसाचं काय? सगळे घाबरवतात.

घाबरू नका, पण नीट हिशोब करा. इथे पीएचडी केली तर ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष आणि स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या डिग्रीची) अजून दोन अशी तीन वर्षं मिळतात. नंतर एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा, ज्याची वर्षाला ८५,००० ची मर्यादा आणि लॉटरी आहे. युनिव्हर्सिटीला ती मर्यादा लागू नाही, कंपनीला आहे, म्हणजे पोस्टडॉकवरून (पीएचडीनंतरची युनिव्हर्सिटीतली तात्पुरती रिसर्चची नोकरी) कंपनीत येताना लॉटरीचा प्रश्न नव्यानं उभा राहतो आणि हे अनेकांना ऑफर हातात आल्यावर कळतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नवीन एच-वन-बी अर्जांवर १,००,००० डॉलरची फी आली, त्यामुळे भारतातून थेट कंपनीत येणं फार अवघड झालंय. नियम बदलत असतात, अर्ज करताना त्या वेळचे वकिलाकडून तपासून घ्या.

रिसर्चवाल्यांना ओ-वन हा व्हिसा, आणि ग्रीन कार्डसाठी ईबी-वन आणि नॅशनल इंटरेस्ट वेव्हर हे मार्ग असतात, त्यासाठी पेपर, सायटेशन, रिव्ह्यू केलेल्या पेपरांची नोंद लागते, ती पीएचडीपासून जपून ठेवा. अजून एक, क्वांटम हार्डवेअर निर्यात-नियंत्रणाच्या यादीत येतं, त्यामुळे काही प्रोजेक्टवर नागरिकत्व विचारतात आणि काही जागा फक्त अमेरिकन नागरिकांना असतात. तो तुमचा अपमान नाही, कायदा आहे, जाहिरातीत लिहिलेलं असतं.

अमेरिका म्हणजेच जग नाही हेही सांगते. फिनलंडमध्ये आयक्यूएम आणि फ्रीज बनवणारी ब्लूफोर्स, फ्रान्समध्ये पास्कल आणि ॲलिस अँड बॉब, नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट, कॅनडात वॉटरलू आणि टोरांटो, आणि ऑस्ट्रेलिया, सगळीकडे मराठी मंडळी भेटतात.

१२. पगार किती?

कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत कायद्यानं जाहिरातीतच पगाराची रेंज द्यावी लागते, तिथे जाऊन बघा, माझ्या शब्दापेक्षा ते पक्कं. साधारणपणे पोस्टडॉकच्या दुप्पट किंवा जास्त. मोठ्या कंपनीत शेअर मिळतात ते विकता येतात, स्टार्टअपमध्ये ऑप्शन मिळतात ते कागदावर असतात, त्यांच्या भरवशावर घराचा हप्ता ठरवू नका. भारतात पीएचडी करताना जेआरएफ ही फेलोशिप महिना ३७,००० आणि एचआरए, सीनियर झाल्यावर ४२,०००. ती वर्षं काटकसरीची असतात, घरच्यांशी आधीच बोलून घ्या.

१३. ही सगळी हवा असेल आणि कंपनीच बंद पडली तर?

पडतात. अलीबाबानं २०२३ मध्ये आपली क्वांटम लॅब बंद करून सामान झेजियांग युनिव्हर्सिटीला दिलं, थोड्याच दिवसांनी बायडूनंही तसंच केलं. हार्वर्डमधून निघालेली झपाटा २०२४ मध्ये शेअर बाजारात आली आणि त्याच वर्षी तिचं काम थांबलं. २०२५ च्या जानेवारीत एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग म्हणाले की उपयोगी क्वांटम कॉम्प्युटरला १५ ते ३० वर्षं लागतील, आणि एका दिवसात आयनक्यू, रिगेटी ह्यांचे शेअर धाडकन पडले. लॅबमध्ये त्या दिवशी काहीही बदललं नव्हतं, क्युबिट आदल्या दिवशी होते तसेच होते.

म्हणून ऑफर घेताना विचारा: पुढची फंडिंग किती महिन्यांची आहे, कमाई कुठून येते, फ्रीज स्वतःचे आहेत का भाड्याचे. उत्तर द्यायला का-कू करत असतील तर तेच उत्तर समजा. आणि प्रश्न ७ मध्ये लिहिलंय तसं, कुठेही चालेल असं कौशल्य हातात ठेवा.

१४. बातमीत "१,००० क्युबिट", "१०,००० वर्षांचं काम मिनिटांत" असं येतं. खरं किती मानायचं?

ह्याचं उत्तर लांब आहे कारण मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं.

क्युबिटची संख्या एकटी काही सांगत नाही. आयबीएमनं २०२३ च्या डिसेंबरमध्ये १,१२१ क्युबिटचा कॉन्डोर दाखवला आणि त्याच दिवशी १३३ क्युबिटचा हेरॉनही, आणि पुढच्या मशीन त्यांनी हेरॉनवर बांधल्या, कारण त्याचे एरर कितीतरी कमी होते. तेव्हा पहिला प्रश्न: दोन-क्युबिट गेटचा एरर किती? ०.१ टक्का आणि १ टक्का ह्यात मशीन उपयोगी की नाही एवढा फरक आहे.

दुसरा प्रश्न: तुलना कशाशी केली? २०१९ मध्ये गूगल म्हणालं की ५३ क्युबिटचा सायकॅमोर २०० सेकंदांत जे करतो त्याला सुपरकॉम्प्युटरला १०,००० वर्षं लागतील. आयबीएमनं लगेच हिशोब मांडला की हुशारीनं केलं तर अडीच दिवस, आणि पुढच्या वर्षांत क्लासिकल अल्गोरिदम अजून सुधारले. २०१८ मध्ये ईविन टँग ह्या १८ वर्षांच्या मुलीनं, तेव्हा ती पदवीची विद्यार्थिनी होती, एक गाजलेला क्वांटम शिफारस अल्गोरिदम साध्या कॉम्प्युटरवरही जवळपास तसाच चालवता येतो हे सिद्ध केलं. ह्यात कुणाचा पराभव नाही, विषय असाच पुढे जातो.

तिसरा: लॉजिकल क्युबिट किती? म्हणजे अनेक कच्चे क्युबिट मिळून बनवलेला, चुका दुरुस्त होणारा एक. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आलेला गूगलच्या विलो चिपचा निकाल मला ह्यासाठीच मोठा वाटतो. कोड ३ वरून ५ आणि ५ वरून ७ आकाराचा केला की प्रत्येक वेळी एरर निम्म्याहून खाली गेला. क्युबिट वाढवले तर चुका वाढायच्या ऐवजी कमी झाल्या. त्याच बातमीत वर्षांचा एक अवाढव्य आकडा होता आणि वर्तमानपत्रांनी तोच छापला.

१५. मग तुम्ही आत असताना मार्केटिंगवाले फुगवून सांगतात तेव्हा काय करता?

बोलते. प्रेस नोट बाहेर जायच्या आधी रिसर्चरला वाचायला देतात, निदान द्यायला हवी, आणि तिथे "होईल" च्या जागी "होऊ शकेल", "सोडवलं" च्या जागी "एका छोट्या उदाहरणावर दाखवलं" असं करून घ्यायचं काम आपलंच असतं. नवीन माणसाला वाटतं आपण कोण सांगणारे, पण डेटा आपण घेतलेला असतो.

फुगवून सांगण्याची किंमत काय असते ते २०१८ च्या मायोराना पेपरमध्ये (टोपोलॉजिकल क्युबिट ज्यावर उभे करायचे ती अवस्था म्हणजे मायोराना) दिसलं. मायक्रोसॉफ्टच्या पाठिंब्यावर डेल्फ्टमध्ये झालेलं काम नेचरमध्ये आलं, बाहेरच्या दोन शास्त्रज्ञांनी मूळ डेटा मागून तपासला, पूर्ण डेटा मांडला तर निष्कर्ष टिकत नव्हता, आणि २०२१ मध्ये पेपर मागे घ्यावा लागला. म्हणून मी टीममधल्या प्रत्येक नवीन मुलाला सांगते की सगळ्यात सुंदर प्लॉटच्या शेजारी सगळ्यात साधा प्लॉटही ठेव, आणि दहा चिपमधली एक दाखवत असशील तर दहातली एक असं लिही. इंटरव्ह्यूमध्येही हे विचारून बघा: "तुमच्या शेवटच्या निकालात काय चाललं नाही?" मोकळेपणानं सांगणारी टीम असेल तिथे जा.

१६. माझं बँक अकाउंट, यूपीआय, सगळं क्वांटम कॉम्प्युटर फोडणार का?

आजच्या मशीन नाही. आरएसए-२०४८, म्हणजे आज सर्रास वापरलं जाणारं डिजिटल कुलूप, फोडायला २०१९ च्या हिशोबात २ कोटी कच्चे क्युबिट आणि ८ तास लागत होते. क्रेग गिडनी ह्यांच्या २०२५ च्या हिशोबात १० लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याच्या आत. मशीन अजून शेकडो, फार तर काही हजार क्युबिटच्या आहेत, पण गरज खाली येतेय हे लक्षात घ्या. शिवाय आज चोरून ठेवलेला डेटा दहा-पंधरा वर्षांनी उघडता येईल, म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटीनं ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमला दाद न देणाऱ्या नवीन कुलपांची पहिली ३ मानकं काढली आणि जगभर बदल सुरू झालाय. ह्या बदलात नोकऱ्या भरपूर आहेत, आणि त्याला क्वांटम फिजिक्स लागत नाही, क्रिप्टोग्राफी आणि चांगलं सॉफ्टवेअर लागतं.

१७. वय ३५, आयटीत १२ वर्षं झाली, घर-संसार आहे. आता येऊ शकतो का?

रिसर्चर म्हणून नव्यानं सुरुवात करणं अवघड आहे, पीएचडीच्या पगारावर संसार चालवणं सोपं नाही. पण डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम, कंपायलर, एफपीजीए, टेस्ट ऑटोमेशन ह्यांत खोल काम केलं असेल तर क्वांटम कंपनीत तुम्ही थेट सीनियर म्हणून येऊ शकता. ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये एखादा खरा बग सोडवून सुरुवात करा, तिथले मेंटेनर ह्याच कंपन्यांत बसलेले असतात. क्रिप्टोग्राफीकडे झुकणाऱ्यांनी प्रश्न १६ वाचा.

१८. माझी मुलगी बारावीला आहे, तिला ह्यातच जायचंय. ह्या क्षेत्रात मुली असतात का? लॅबचं काम झेपेल का?

काका-काकू, झेपतं. झेपायचा प्रश्न कुणासाठीच ताकदीचा नसतो. लिक्विड नायट्रोजन, क्लीनरूममधली ॲसिड ह्यांचं ट्रेनिंग सगळ्यांना सारखंच असतं. संख्या अजून कमी आहे, मीटिंगमध्ये मी एकटी असायचे दिवस होते आणि अजूनही कधीकधी असतात, पण दहा वर्षांपूर्वीपेक्षा चांगलं आहे. कंपनी निवडताना वर बसलेल्या बायका किती आहेत आणि बाळंतपणाची रजा किती आहे हे तिनं नक्की बघावं, कारण अमेरिकेत केंद्राच्या कायद्यानं १२ आठवड्यांचीच आणि तीही बिनपगारी रजा आहे, बाकी राज्यावर आणि कंपनीवर अवलंबून.

आत्ता बारावीत तिला क्वांटम शिकवू नका, गणित आणि फिजिक्स मनापासून करू दे. आयसर, आयआयटी, किंवा एखाद्या चांगल्या कॉलेजातून बीएस्सी आणि मग जॅम देऊन एमएस्सी, सगळे रस्ते इकडे येतात. जेस्ट आणि टीआयएफआरची परीक्षा हे पुढचं. तिला स्वतःला प्रश्न असतील तर तिलाच मेसेज करायला सांगा.

१९. इंटरव्ह्यू कसा असतो?

आधी फोनवर, मग दिवसभराचा. तुमच्या पीएचडीच्या कामावर पाऊण-एक तासाचं भाषण, त्यात मधेच प्रश्न, नंतर एकेकाबरोबर गप्पा, ज्यात फळ्यावर ट्रान्समॉनचं (सुपरकंडक्टिंग क्युबिटचा एक रुळलेला प्रकार) सर्किट काढा, हा डेटा असा का आला सांगा, थोडं कोडिंग. माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणा आणि मग कसं शोधाल ते सांगा, आम्ही तेच ऐकायला बसलेलो असतो. आपल्याकडची मुलं टीमच्या कामात "आम्ही केलं" म्हणून थांबतात, त्यातलं तुम्ही काय केलं ते वेगळं सांगा, त्यात आगाऊपणा काही नाही.

२०. एकदा कंपनीत गेलं की परत प्रोफेसर होता येतं का?

येतं, पेपर चालू ठेवले असतील तर (प्रश्न ९). ह्या क्षेत्रात ये-जा खूप आहे. २०२५ चं फिजिक्सचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस ह्यांना मिळालं, बर्कलीमध्ये १९८४-८५ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांसाठी, ज्यांच्यावर आजचे सुपरकंडक्टिंग क्युबिट उभे आहेत. त्यातले मार्टिनिस युनिव्हर्सिटीतून २०१४ मध्ये गूगलला गेले, २०२० मध्ये सोडलं, आता स्वतःच्या कंपनीत आहेत, आणि डेव्होरे युनिव्हर्सिटी आणि गूगल दोन्हीकडे आहेत. भारतात परतायचं असेल तर मात्र वयाची अट आणि पोस्टडॉकचा अनुभव बघतात, आणि हार्डवेअरवाल्यांना पहिला फ्रीज येऊन लॅब उभी राहायला दोन-तीन वर्षं सहज जातात, तेवढं धरून ठरवा. राष्ट्रीय क्वांटम मिशनचे पैसे येतायत (प्रश्न १०) तोवर ही वेळ चांगली आहे, आणि परत जायचा विचार करणाऱ्यांनी २०३०-३१ ची वाट बघू नये असं मला वाटतं.